शेजारचे सिग्नल आणि एडीसीचे बिट

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: अनेक वायरलेस मानकं पेलणारा रिसीव्हर आणि त्याच्या पोटातला, लाटेचे आकडे करणारा ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी. माझं रोजचं काम हेच आहे. म्हणून इतर विषयांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आणि या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली. काही उत्तरं लांबली आहेत, पण ते प्रश्नच तसे होते.

प्रश्न : माझा फोन जीएसएम, ४जी, ५जी, वाय-फाय, ब्लूटूथ असं सगळं चालवतो. मग उत्तमातला उत्तम एकच एडीसी बसवून सगळी कामं त्याच्याकडून का करून घेत नाहीत? सोळा बिट, भरपूर वेग, आणि विषय संपला. (एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)

सर, तुमच्या प्रश्नात दोन मागण्या एकत्र आल्या आहेत. एक वेगाची, दुसरी बिटांची, म्हणजे अचूकतेची. त्या वेगळ्या करून पाहू.

आधी वेग. जीएसएमचा चॅनेल २०० किलोहर्ट्‌झचा. डब्ल्यूसीडीएमएचे, म्हणजे ३जीचे, चॅनेल ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर बसतात. एलटीईचा, म्हणजे ४जीचा, चॅनेल १.४ पासून २० मेगाहर्ट्‌झपर्यंत असतो, आणि ५जीच्या खालच्या पट्ट्यांत तो १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत जातो. रिसीव्हरमध्ये सिग्नल आय आणि क्यू अशा, एकमेकींपासून पाव आवर्तन सरकलेल्या, दोन वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेच्या वाट्याला निम्मी रुंदी येते. म्हणजे जीएसएमसाठी एडीसीला १०० किलोहर्ट्‌झ पाहायचे असतात आणि ५जीसाठी ५० मेगाहर्ट्‌झ. फरक ५०० पट.

विजेचा ढोबळ नियम असा, की अचूकता तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर वीज दुप्पट लागते, आणि रुंदी तीच ठेवून एक बिट वाढवला तर वीज चौपट. हे ‘चौपट’ उष्णतेतून येतं. कपॅसिटरवर सॅम्पल, म्हणजे सिग्नलचं त्या क्षणाचं मूल्य, धरला की त्याच्यासोबत उष्णतेचा नॉइजही धरला जातो. खोलीच्या तापमानाला १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर तो सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट असतो. तो निम्मा करायचा तर कपॅसिटर चौपट मोठा हवा, आणि चौपट कपॅसिटर तेवढ्याच वेळात भरायला करंटही चौपट हवा. आता समजा, जीएसएमच्या रुंदीला १३ बिटांचा एडीसी १ मिलिवॅटमध्ये बसला. तेच १३ बिट ५० मेगाहर्ट्‌झला अर्धा वॅट खातील. तिथे १६ बिट मागितले तर आणखी ६४ पट, म्हणजे ३२ वॅट. आणि असे दोन एडीसी लागतात, एक आयसाठी, एक क्यूसाठी. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत हे शक्यच नाही.

मग बिट लागतात तरी कशाला? हवा असलेला सिग्नल वाचायला ते फार लागत नाहीत. जीएसएमचा सिग्नल अडथळ्याच्या ९ डेसिबल वर असला तरी रिसीव्हर तो वाचू शकतो. हवेत फक्त तोच सिग्नल असता तर दोन बिटांचा एडीसी पुरला असता. बाकीचे सगळे बिट शेजाऱ्यांसाठी लागतात.

जीएसएमच्या मानकात ९०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातल्या फोनसाठी एक चाचणी आहे. हवा असलेला सिग्नल उणे ९९ डीबीएमला (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) ठेवायचा, म्हणजे किमान संवेदनशीलतेच्या फक्त ३ डेसिबल वर. त्याच वेळी ३ मेगाहर्ट्‌झ पलीकडे उणे २३ डीबीएमचा एक परका सिग्नल लावायचा. आम्ही त्याला ब्लॉकर म्हणतो. फरक ७६ डेसिबल, म्हणजे हवा असलेल्या सिग्नलच्या सुमारे चार कोटी पट ताकदीचा सिग्नल शेजारी उभा आहे. एडीसीने त्या ब्लॉकरने भरून वाहू नये, आणि तरीही त्याचा स्वतःचा नॉइज त्या बारीक सिग्नलच्या बराच खाली राहावा. हिशोब मांडा: ७६ डेसिबल फरकाचे, ९ वाचनासाठीचे, एडीसीचा नॉइज रिसीव्हरच्या नॉइजखाली ठेवायला १०, आणि वर ५ डेसिबल मोकळी जागा. झाले १०० डेसिबल. एका बिटाला ६ डेसिबल धरले तर सोळा बिटांच्याही थोडं वर.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. एडीसीच्या आधी एक साधा एकपदी आरसी फिल्टर ठेवा, ३०० किलोहर्ट्‌झला वळणारा, म्हणजे तिथून वरचं दाबू लागणारा. तो ३ मेगाहर्ट्‌झवरच्या ब्लॉकरला २० डेसिबल खाली आणतो. १.६ मेगाहर्ट्‌झवर उणे ३३ डीबीएमचा दुसरा ब्लॉकर असतो, त्याला जवळजवळ १५ डेसिबल. ६०० किलोहर्ट्‌झवर उणे ४३ डीबीएमचा तिसरा असतो, त्याला ७ डेसिबल. उरलेला फरक पाहिला तर ५६, ५१ आणि ४९ डेसिबल. सगळ्यात वाईट ५६. म्हणजे एकूण मागणी १०० वरून ८० डेसिबलवर आली, सोळा बिटांऐवजी तेरा. आणि हे २० डेसिबल म्हणजे एडीसीच्या विजेत शंभर पटीची बचत. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढं काम करतात! नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हाच तक्ता चौकटीच्या कागदावर काढायला लावते, कारण एडीसी किती बिटांचा हवा हे एडीसीकडे पाहून ठरवताच येत नाही.

आता रुंद मानकांकडे या. तिथे फिल्टर मोठा उघडावा लागतो, पण शेजाऱ्यांचा त्रास त्या मानाने कमी असतो. डब्ल्यूसीडीएमए किंवा वाय-फायला ढोबळमानाने ५५ ते ७० डेसिबलमध्ये भागतं. म्हणजे अरुंद मानकाला जास्त बिट हवेत आणि रुंद मानकाला कमी. जास्त बिट आणि जास्त रुंदी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी फोनमधलं कुठलंच मानक मागत नाही. तुम्ही सुचवलेला एडीसी नेमकी तीच मागणी पुरवायला निघाला आहे, आणि सगळी वीज तिथेच जाते. बहुमानकी रिसीव्हरमध्ये खरी गरज आहे ती रुंदी आणि बिट यांची अदलाबदल करू शकणाऱ्या एडीसीची.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी जीएसएम आणि डब्ल्यूसीडीएमए दोन्हीला चालणारा डेल्टा-सिग्मा एडीसी घेतला आहे. एका बिटाच्या क्वांटायझरमधून (मूल्य मोजक्या पातळ्यांत बसवणाऱ्या भागातून) तेरा-चौदा बिट कसे निघतात हे सूत्रांत दिसतं, पण पटत नाही. आणि एकाच सर्किटला दोन मानकांसाठी बदलायचं म्हणजे नेमकं काय काय बदलायचं? (एक विद्यार्थिनी)

पटण्यासाठी सूत्रं बाजूला ठेवा आणि हाताने दहा पायऱ्या करा. इनपुट ०.३ धरा. आउटपुट फक्त ० किंवा १ देता येतं. दर पायरीला ०.३ मिळवत जा. बेरीज १ झाली किंवा ओलांडली की १ द्या आणि बेरजेतून १ वजा करा, नाहीतर ० द्या. बेरीज अशी चालेल: ०.३, ०.६, ०.९, १.२ (इथे १ दिला, उरले ०.२), मग ०.५, ०.८, १.१ (१ दिला, उरले ०.१), ०.४, ०.७, १.० (१ दिला, उरलं शून्य). दहा आउटपुटांत तीन एक. सरासरी ०.३. प्रत्येक आउटपुट एकटं पाहिलं तर साफ चुकीचं आहे. पण झालेली चूक फेकून न देता पुढच्या पायरीत धरली, म्हणून ती सावकाश बदलणाऱ्या भागात साठत नाही, भराभर बदलणाऱ्या भागात जाते. आपला सिग्नल सावकाश बदलणाऱ्या भागात आहे. डिजिटल फिल्टरने वरचा भाग कापला की चूकही त्याच्यासोबत कापली जाते. ही मांडणी १९६२ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी प्रसिद्ध केली. चूक मागे फिरवण्याची कल्पना त्याआधी बेल लॅब्जच्या कटलर यांच्या पेटंटमध्ये आली होती, त्याचा अर्ज १९५४ चा.

आता तुमच्या प्रकल्पाला ही पद्धत का साजते ते पाहा. सॅम्पलिंगचा वेग दुप्पट केला की नुसत्या ओव्हरसॅम्पलिंगने (गरजेपेक्षा जास्त वेगाने सॅम्पल घेऊन) ३ डेसिबल मिळतात, चूक मागे फिरवणाऱ्या पहिल्या ऑर्डरच्या लूपने (त्यात बेरीज साठवणारा एक इंटिग्रेटर असतो) ९ आणि दुसऱ्या ऑर्डरच्या लूपने १५. म्हणजे इथे वेग देऊन बिट विकत घेता येतात, आणि बिट देऊन रुंदी. वर सरांना जी अदलाबदल सांगितली ती या रचनेत अंगचीच आहे.

आकडे घालू. दुसऱ्या ऑर्डरचा लूप, जीएसएमसाठी २६ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक, रुंदी १०० किलोहर्ट्‌झ. ओव्हरसॅम्पलिंग रेशो (क्लॉक भागिले रुंदीची दुप्पट), आमच्या बोलीत ओएसआर, १३०. एका बिटाच्या क्वांटायझरने कागदावर १०० डेसिबल मिळतात. डब्ल्यूसीडीएमएला ६१.४४ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक, रुंदी १.९२ मेगाहर्ट्‌झ, ओएसआर फक्त १६. तोच एका बिटाचा लूप इथे कागदावरही ५५ डेसिबलच देतो. क्वांटायझर चार बिटांचा केला की ७३. प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडं कमी मिळेल, कारण एका बिटाच्या लूपला इनपुट पूर्ण भरून देता येत नाही. तरी दोन्ही मानकं त्याच दोन इंटिग्रेटरवर बसली.

यात एक सुंदर योग आहे. बहुबिटी क्वांटायझर आला की फीडबॅकमधला डीएसी, म्हणजे आकड्यांची पुन्हा लाट करणारा कन्व्हर्टर, तोही बहुबिटी होतो. त्याच्या घटकांमधली विषमता थेट इनपुटवर बेरजेला येते आणि लूप तिला दुरुस्त करू शकत नाही. एका बिटाच्या डीएसीला दोनच पातळ्या, आणि दोन बिंदूंतून नेहमी सरळ रेषाच जाते, म्हणून त्याला विषमतेचा प्रश्नच नाही. आता पाहा: जीएसएमला अचूकता जास्त हवी, तिथे एक बिट वापरून विषमता टळली. डब्ल्यूसीडीएमएला अचूकता कमी चालते, तिथेच चार बिट आले. घटक आळीपाळीने फिरवून विषमता वर ढकलण्याची युक्ती तुम्ही वाचली असेल, पण ओएसआर १६ असताना तिचा फायदा तुटपुंजाच असतो. त्यापेक्षा घटक थोडे मोठे काढा किंवा कॅलिब्रेट करा.

काय काय बदलायचं? क्लॉक बदला, क्वांटायझरचे बिट बदला, ऑपॲम्पचा (इंटिग्रेटरमधल्या ॲम्प्लिफायरचा) करंट बदला. जीएसएममध्ये ऑपॲम्पला घाई नसते, तिथे करंट कमी करा, नाहीतर अरुंद मानकातही रुंद मानकाचीच वीज जळत राहील. इनपुटचा कपॅसिटर मात्र जीएसएमच्या नॉइजवर ठरतो, तो डब्ल्यूसीडीएमएत ओझं होतो, म्हणून त्याचे दोन तुकडे करून एक सोडवता येण्यासारखा ठेवा. लूपची ऑर्डर बदलणं मी शेवटी ठेवते. ऑर्डर बदलली की स्थिरतेचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. जास्त ऑर्डर हवीच असेल तर दोन स्थिर लूप एकामागे एक जोडणारी मॅश रचना घ्या आणि दुसरा टप्पा गरज नसताना बंद ठेवा. मात्र प्रत्येक गोष्टीला स्विच लावण्याचा मोह आवरा. प्रत्येक स्विचचा रेझिस्टन्स आणि त्याचा परजीवी कपॅसिटन्स दोन्ही मानकांना सोसावा लागतो.

आणि कृपा करून तपासणीत एकटी साइन लाट देऊन थांबू नका. वरच्या उत्तरातला तक्ता घ्या, फिल्टरनंतरचा ब्लॉकर आणि हवा असलेला बारीक सिग्नल दोन्ही एकदम द्या, आणि मग त्या बारीक सिग्नलचं काय झालं ते पाहा. तुमच्या अहवालातला सगळ्यात मोलाचा आलेख तोच असेल.

प्रश्न : जीएसएमला काही रिसीव्हर सिग्नल थेट शून्य फ्रीक्वेन्सीवर न आणता १०० किलोहर्ट्‌झवर का आणतात? (एक वाचक)

शून्यावर दोन शत्रू बसलेले असतात: मिक्सरच्या (सिग्नलची फ्रीक्वेन्सी खाली आणणाऱ्या सर्किटच्या) गळतीतून येणारा डीसी ऑफसेट आणि ट्रान्झिस्टरचा, खालच्या फ्रीक्वेन्सीला वाढत जाणारा फ्लिकर नॉइज. डब्ल्यूसीडीएमएसारख्या रुंद सिग्नलचा शून्याजवळचा पातळ काप गेला तरी चालतं. जीएसएमचा सिग्नलच अरुंद, त्यात असा काप गेला तर लागतो.

पण १०० हाच आकडा का, हे अधिक रंजक आहे. सिग्नल १०० किलोहर्ट्‌झवर आणला की आरशातल्यासारखा उणे १०० वरचा सिग्नल त्यात मिसळण्याचा धोका येतो, आणि तिथे नेमका लगतचा चॅनेल असतो. जीएसएममध्ये लगतचा चॅनेल हव्या असलेल्या सिग्नलपेक्षा ९ डेसिबल मोठा असू शकतो, त्याच्या पलीकडचा मात्र ४१ डेसिबल. आणखी वरच्या मध्यम फ्रीक्वेन्सीवर गेलात तर आरशात तो दुसरा येऊन बसेल. १०० वर राहिलं तर सौम्य शेजारी वाट्याला येतो आणि आय-क्यू वाटांच्या जुळणीवर फार ताण येत नाही. एडीसीने मात्र आता २०० किलोहर्ट्‌झपर्यंत पाहायचं असतं किंवा लूपचा नॉइजचा खड्डाच शून्यावरून उचलून १०० वर न्यायचा असतो. दुसरी वाट देखणी आहे, पण त्यासाठी आय आणि क्यूचे लूप एकमेकांत गुंफावे लागतात आणि लेआउटमध्ये खूप कष्ट पडतात.

प्रश्न : मी नव्यानेच डिझाइनमध्ये आलो आहे. आमचा कंटिन्युअस-टाइम डेल्टा-सिग्मा मॉड्युलेटर मॉडेलमध्ये स्थिर आहे, पण ट्रान्झिस्टर पातळीच्या सिम्युलेशनमध्ये डोलतो. शिवाय बहुमानकी कामाला स्विच्ड-कपॅसिटर बरा की कंटिन्युअस-टाइम, यावर टीममध्ये दोन तट पडले आहेत. (एक तरुण अभियंता)

डोलण्याचं कारण बहुधा लूपमधला जादा उशीर. मॉडेलमध्ये क्वांटायझर क्षणात निर्णय देतो. खऱ्या कंपॅरेटरला वेळ लागतो, त्यामागच्या लॅचला लागतो, डीएसीच्या स्विचला लागतो. तुमचा क्लॉक ६४० मेगाहर्ट्‌झचा असेल तर एक आवर्तन सुमारे १.५६ नॅनोसेकंदांचं, आणि ३०० पिकोसेकंदांचा उशीर म्हणजे आवर्तनाचा पाचवा हिस्सा. एवढ्याने लूपची ऑर्डर एकने वाढल्यासारखी होते. उशिराशी झगडत बसू नका. उलट अर्ध्या आवर्तनाचा उशीर ठरवून द्या, म्हणजे तो तापमानाने आणि व्होल्टेजने बदलणार नाही. मग क्वांटायझरच्या तोंडाशी एक छोटी थेट फीडबॅक वाट जोडून गुणक पुन्हा काढा. हे मॉडेलमध्ये आधी करा, नंतर सर्किटमध्ये.

तटांविषयी. स्विच्ड-कपॅसिटर रचनेत सिग्नल आधीच सॅम्पल होतो आणि लूपचे गुणक कपॅसिटरांच्या गुणोत्तरांतून येतात. क्लॉक निम्मा करा, सगळं आपोआप निम्म्या वेगाने चालतं, काही हलवावं लागत नाही. बहुमानकी कामाला हा मोठा गुण आहे. कंटिन्युअस-टाइम रचनेत गुणक आरसी आणि क्लॉक यांच्या गुणाकारावर बसतात. क्लॉक बदलला की आर किंवा सी बदलायलाच हवा. शिवाय चिप तयार होताना आरसी २० टक्के किंवा त्याहून जास्त सरकतो, म्हणून कपॅसिटरांच्या पट्टीने तो सुरुवातीला जुळवून घ्यावा लागतो.

असं असूनही रुंदी काही मेगाहर्ट्‌झच्या वर गेली की माझं मत कंटिन्युअस-टाइमलाच. तिथे सॅम्पलिंग लूप फिल्टरच्या नंतर होतं, त्यामुळे क्लॉकच्या आसपासचे परके सिग्नल आत दुमडायच्या आधीच दबतात. पुढचा अँटी-अलायझिंग फिल्टर हलका होतो. ऑपॲम्पला अर्ध्या आवर्तनात पूर्ण स्थिरावण्याची सक्ती नसते, म्हणून करंट वाचतो. जिटरची, म्हणजे क्लॉकच्या कडांच्या डळमळीची, किंमत मात्र मोजावी लागते, कारण डीएसीच्या प्रत्येक कडेचा सरकलेला वेळ थेट इनपुटवर नॉइज बनून येतो. बहुबिटी डीएसीत पायऱ्या लहान, म्हणून हा त्रास कमी.

आणि एक सापळा सांगून ठेवते, कारण तो सिम्युलेशनमध्ये सहसा कुणी शोधत नाही. फीडफॉरवर्ड लूपचा (ज्यात इंटिग्रेटरांचे आउटपुट पुढे नेऊन बेरजेला घेतात) सिग्नल ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे इनपुटपासून आउटपुटपर्यंतचा गेन, आपल्या पट्ट्याच्या थोडा बाहेर उंचावतो, कधी कधी बऱ्याच डेसिबलने. नेमका तिथेच ब्लॉकर उभा असतो. म्हणजे पुढच्या फिल्टरने कष्टाने दाबलेला ब्लॉकर एडीसी स्वतःच पुन्हा उचलतो आणि क्वांटायझर भरतो. हवा असलेल्या सिग्नलची चाचणी उत्तम उतरते आणि ब्लॉकर लावला की सगळं कोसळतं. सगळा लूप फीडबॅक प्रकारचा केला तर हे टळतं, पण इंटिग्रेटरांचे आउटपुट मोठे हलतात आणि वीज वाढते. मी मधली वाट घेते: पहिल्या इंटिग्रेटरवरचा मुख्य फीडबॅक तर असतोच, त्याशिवाय एक जादा फीडबॅक, बाकी फीडफॉरवर्ड. आणि प्रत्येक मानकासाठी तो उंचवटा कुठे येतो ते ब्लॉकरच्या तक्त्यावरच आखून पाहते.

एकाच गाभ्याला किती ताणायचं, हेही तुमच्या टीमने आधी ठरवावं. रुंदीतला फरक २० ते ३० पट असेल तर मी एकच गाभा ठेवते. जीएसएमपासून ५जीच्या १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत जायचं असेल तर सरळ दोन एडीसी ठेवते. रुंद कामासाठी हल्ली नॉइज-शेपिंग सार (सार म्हणजे एकेक बिट ठरवत जाणारा एडीसी), पाइपलाइन-सार आणि गिगाहर्ट्‌झच्या क्लॉकवरचे कंटिन्युअस-टाइम लूप असे चांगले पर्याय आहेत. थोडी जागा जाते, पण दोन्ही एडीसी आपापल्या कामाला नीट बेतलेले असतात.

प्रश्न : वेगवेगळ्या मानकांचे क्लॉक एकमेकांशी जुळत नाहीत. मग एका एडीसीला कोणता क्लॉक द्यायचा? (एक वाचक)

जीएसएमचा बिटदर २७०.८३३ किलोबिट, म्हणजे २६ मेगाहर्ट्‌झ भागिले ९६. डब्ल्यूसीडीएमएचा चिपदर ३.८४ मेगाहर्ट्‌झ. २० मेगाहर्ट्‌झच्या एलटीईचा सॅम्पलदर ३०.७२, तो ३.८४ ची आठपट, म्हणून ही दोन एकमेकांना समजून घेतात. २६ आणि ३०.७२ यांचं गुणोत्तर मात्र ३२५ भागिले ३८४. पूर्णांकाने भागून काम होत नाही.

दोन मार्ग आहेत. पीएलएलने, म्हणजे हवी ती फ्रीक्वेन्सी बनवणाऱ्या सर्किटने, प्रत्येक मानकाला त्याचा क्लॉक द्यायचा, किंवा एडीसी एकाच क्लॉकवर चालवून दर डिजिटलमध्ये बदलायचा. दुसऱ्यासाठी फॅरो रचना (दोन सॅम्पलांमधली मूल्यं काढणारा डिजिटल फिल्टर) १९८८ पासून उपलब्ध आहे. आजच्या प्रक्रियेत डिजिटल गेट स्वस्त, पण कमी जिटरचा, भरभर फ्रीक्वेन्सी बदलणारा पीएलएल महाग. कंटिन्युअस-टाइम एडीसी असेल तर मी दुसराच मार्ग घेते, कारण आरसी एकदाच जुळवावा लागतो.

प्रश्न : अँटेनाला थेट एडीसी जोडायचा आणि बाकी सगळं सॉफ्टवेअरमध्ये, हे स्वप्न जोसेफ मितोला यांच्या सॉफ्टवेअर रेडिओवरच्या १९९२ च्या लेखापासून ऐकतो आहे. फोनमध्ये ते कधी येणार? (दूरसंचार क्षेत्रातले एक वाचक)

बेस स्टेशनमध्ये ते बऱ्याच अंशी आलं आहे. गिगाहर्ट्‌झच्या वेगाने सॅम्पल करणारे एडीसी तिथे थेट रेडिओ फ्रीक्वेन्सीवर लावले जातात. तिथे वीज भिंतीतून येते आणि एकाच एडीसीतून अनेक चॅनेल वाचले जातात, त्यामुळे खर्च परवडतो.

फोनमध्ये अडचण क्लॉकच्या कडेची आहे. सॅम्पल घेण्याच्या क्षणात सरासरी १ पिकोसेकंदाची डळमळ असेल, तर १०० मेगाहर्ट्‌झच्या पूर्ण ताकदीच्या लाटेवर ६४ डेसिबल मिळतात. तीच डळमळ २.४ गिगाहर्ट्‌झवर फक्त ३६ डेसिबल देते. एडीसी २० बिटांचा लावा, तरी ३६ च. जिटर दहापट कमी करून ०.१ पिकोसेकंदावर आणला तर ५६. ही मर्यादा एडीसीत नाही, क्लॉकमध्ये आहे.

आणि पुन्हा शेजारी येतो. जिटरचा नॉइज सगळ्यात मोठ्या सिग्नलच्या प्रमाणात वाढतो, आणि अँटेनावर सगळ्यात मोठा सिग्नल सहसा परकाच असतो. त्याच्या भोवती जिटरने पसरलेलं धुकं आपल्या बारीक सिग्नलवर येऊन बसतं. मिक्सर आणि फिल्टर ठेवले की एडीसीला फक्त खालच्या फ्रीक्वेन्सीवर काम करावं लागतं. मिक्सरला लाट पुरवणाऱ्या लोकल ऑसिलेटरच्या फेज नॉइजने हाच त्रास होतो हे खरं, पण एक अरुंद लाट स्वच्छ बनवणं हे एडीसीच्या असंख्य स्विचांपर्यंत स्वच्छ कडा पोचवण्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. त्यात वेगासाठी अनेक एडीसी आळीपाळीने चालवायचे तर त्यांच्यातली ऑफसेटची, गेनची आणि वेळेची तफावत नवे खोटे सिग्नल निर्माण करते. ती सतत मोजून दुरुस्त करावी लागते.

त्यामुळे फोनसाठी मला योग्य वाटते ती मधली रचना: ट्यून करता येणारा मिक्सर, त्यामागे वळणबिंदू बदलता येणारा एक-दोन पदांचा फिल्टर, मग बदलता येणारा एडीसी, आणि चॅनेल निवडण्याचं उरलेलं सगळं काम डिजिटलमध्ये. मितोलांच्या कल्पनेचा गाभा लवचीकपणा हा होता, आणि तो यात बराचसा मिळतो.

प्रश्न : पेपरांमध्ये ‘इतके फेम्टोज्यूल प्रति कन्व्हर्जन’ असे आकडे असतात. त्यांवरून एडीसी निवडावा का? (एक संशोधक विद्यार्थी)

तो आकडा वॉल्डन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचं १९९९ चं सर्वेक्षण प्रसिद्ध आहे. त्या सूत्रात एक बिट वाढला तर वीज दुप्पट धरतात. पण उष्णतेच्या नॉइजने बांधलेल्या एडीसीत ती चौपट होते, हे पहिल्या उत्तरात आलंच आहे. म्हणून कमी बिटांचे एडीसी या सूत्रात जास्त चांगले दिसतात. ७० डेसिबलच्या वरच्या कामासाठी श्रायर यांच्या नावाचा आकडा पाहा, त्यात डायनॅमिक रेंज डेसिबलमध्ये आणि रुंदी-विजेचं गुणोत्तर असतं. तुलना करायला बोरिस मुरमान यांनी जमवलेला, १९९७ पासूनच्या परिषदांतल्या एडीसींचा तक्ता सर्वांना खुला आहे. तो उतरवून घ्या आणि स्वतः आलेख काढा.

पेपर वाचताना मी आधी तीन गोष्टी शोधते. दिलेल्या विजेत रेफरन्स बफर, क्लॉक आणि डेसिमेशन (सॅम्पलदर खाली आणणारा) फिल्टर धरले आहेत का? प्रत्येक मोडचा आकडा वेगळा दिला आहे का, की फक्त सगळ्यात देखण्या मोडचा? आणि पट्ट्याबाहेर मोठा सिग्नल लावून आतला नॉइज मोजला आहे का? तिसरी गोष्ट क्वचितच सापडते. रिसीव्हरसाठी एडीसी निवडायचा असेल तर त्या मोजमापाशिवाय निर्णय घेऊ नका. पेपरात नसेल तर लेखकांना लिहून मागा. मी मागितलेलं आहे आणि मला मिळालेलंही आहे.